पैसे पाठवायचे पाकीट: लाख, कागद, प्लॅस्टिक की कापडी थैली?

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, आडतीची पावतीपुस्तके आणि पतसंस्थांच्या भरणा-स्लिपा हे आमचे रोजचे काम. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचे सचिव दुकानात आले आणि वाटेत कोणी उघडले तर लगेच कळेल, असे पाकीट छापून मिळेल का, असे त्यांनी विचारले. त्यांच्या तीन खेड्यांतील शाखांची रोकड रोज संध्याकाळी शिपायाच्या दुचाकीवरून तालुक्याच्या मुख्य कार्यालयात येत असे, आणि दोन महिन्यांत दोन वेळा गड्डीत पाचशेची एकेक नोट कमी भरली होती. नोट शाखेतच कमी मोजली गेली, वाटेत निघाली की मुख्य कार्यालयाच्या टेबलावर गेली, हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. संशय मात्र तिन्ही ठिकाणच्या माणसांवर बसला होता.

त्या निमित्ताने मी चार पर्याय हाताळून पाहिले: लाखेची मोहोर लावलेले जाड पाकीट, आम्हीच छापू शकू असे खास कागदी पाकीट, बाजारात तयार मिळणारी प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी आणि क्रमांकाचे सील लावलेली कापडी थैली. आडत दुकान, पतसंस्था, बचत गटांचा संघ किंवा ऊसतोड मजुरांची उचल गावोगाव पोहोचवणारा मुकादम यांपैकी ज्यांना आजही रोकड माणसाच्या हाती पाठवावी लागते, त्यांना निवड करताना उपयोग व्हावा म्हणून हा आढावा लिहीत आहे. मोबाईलवरून पैसे पाठवता येत असतील तर तसेच पाठवावेत; पण आठवडी बाजाराच्या दिवशी शाखेत जमा झालेली रोकड मोबाईलमधून जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. कुलूप चोराला अडवते. मोहोर कोणालाच अडवत नाही, ती फक्त नंतर साक्ष देते, आणि ती साक्ष वाचणारा माणूस दुसऱ्या टोकाला नसेल तर कितीही महागडे पाकीट निरुपयोगी ठरते. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना प्रकारची सीले फोडून पाहिली. त्यांपैकी बहुतेक साध्या हत्यारांनी आणि थोड्या वेळात फसवता आली. कोणत्या खुणा शोधायच्या हे तपासणाऱ्याला आधी शिकवलेले असेल तर साधे सीलही पुष्कळ काम करते, हेही ते आवर्जून सांगत आले. म्हणून प्रत्येक पाकिटाला मी तीन प्रश्न विचारले. संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात, घाईत असलेल्या रोखपालाला अर्ध्या मिनिटात फरक दिसेल का? खूण न ठेवता ते उघडायला किती कसब लागेल? आणि आपल्या ऊन-धुळीत ते कोणी न उघडताच उघडल्याची खोटी ओरड तर करणार नाही ना? हा तिसरा प्रश्न परदेशी माहितीपत्रकांत सहसा नसतो आणि मराठवाड्यात तोच सर्वांत आधी विचारावा लागतो.

तुलनेला पाया हवा म्हणून प्रथम स्टेशनरीच्या दुकानातले साधे खाकी पाकीट घेतले. डिंकाने चिकटवलेले तोंड घरच्या कुकरच्या वाफेवर धरले तेव्हा दीड-दोन मिनिटांत ते सुटले आणि वाळल्यावर पुन्हा बेमालूम चिकटले. त्याहून वाईट गोष्ट अशी की आपण तोंडावर सही करतो, चिकटपट्टी लावतो, आणि कारखान्यात चिकटवलेला तळाचा व मधला सांधा मात्र तसाच उघडा सोडतो. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत डिंक न लागलेली जी करंगळीएवढी फट राहते, तिच्यातून लोकर विणायच्या दोन बारीक सुयांवर नोट गुंडाळून बाहेर काढता येते. पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटरची असते आणि तिची गुंडाळी सुईएवढीच जाड होते. बायकोने हा प्रयोग पाहिला आणि सुया परत मागून घेतल्या.

लाखेची मोहोर

लाखेबद्दल आपल्याकडे एक जुना आदर आहे आणि तो अगदीच अनाठायी नाही. शिवकालीन पत्राचा मजकूर संपतो तेथे 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब उमटवलेली असते. तिचा हेतूच असा की त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. लांब पत्राचे कागद जोडताना जोडावर मागून शिक्का मारत, म्हणजे मधला तुकडा बदलता येत नसे. सांधा सापडला की त्यावर खूण करायची, हे पाकिटाच्या रचनेतले मूळ तत्त्व 'शिक्कामोर्तब' या आपल्या रोजच्या शब्दातच बसलेले आहे.

टपाल खात्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत विमा उतरवलेल्या पाकिटांविषयी जे नियम दिलेले असत, तेही याच शहाणपणाचे होते: सर्व मोहोरा एकाच प्रकारच्या लाखेच्या आणि एकाच खासगी ठशाच्या असाव्यात, त्या प्रत्येक सांध्यावर याव्यात, ठसा नुसत्या सरळ-आडव्या रेघांचा नसावा आणि चलनातल्या नाण्याचा तर मुळीच नसावा. नाणे सगळ्यांच्याच खिशात असते. आमच्याकडच्या काही दुकानांतून अजूनही लाखेवर रुपया दाबण्याची पद्धत आहे. ती आजच बंद करावी.

लाखेचे दोष मात्र आपल्या हवेत ठळक होतात. शुद्ध लाख साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. बाजारातल्या लाखकांडीत राळ आणि रंगभुकटी मिसळलेली असल्यामुळे ती केव्हा मऊ पडेल हे कांडीगणिक बदलते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो त्याच्या कितीतरी वर असतो. अशा डिकीत वजनाखाली दबलेल्या मोहोरेच्या कडा पसरतात आणि ठशातील बारीक अक्षरे बुजतात. उलट थंडीत तीच लाख ठिसूळ होते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा टवका उडतो. आठवड्यातून दोनदा मोहोर अशी 'आपोआप' तुटू लागली की तिसऱ्या वेळी ती खरोखर कोणी तोडली तरी कोणी चौकशी करत नाही, आणि माझ्या मते लाखेचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. ठशाची नक्कल करणेही अवघड नाही. दातांचे माप घेण्याच्या मसाल्यात मूळ मोहोरेचा साचा उतरतो. वर्षातून दोन-चार वेळा जाणाऱ्या टपालासाठी लाख ठीक आहे, रोजच्या रोकडीसाठी ती निवडू नये.

आम्ही छापू शकलो असतो ते पाकीट

येथे मी थोडा पक्षपाती आहे, कारण छापखान्याला काम मिळाले असते. तरीही कागदाची रचना बारकाईने सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातल्या अर्ध्या युक्त्या कोणालाही स्वतः करता येतील.

पहिली गोष्ट कागदाची. पाकीट बाहेरून जाड असण्यापेक्षा आतून अपारदर्शक असणे महत्त्वाचे आहे. मोबाईलचा टॉर्च मागून लावला की खाकी कागदातून नोटांची कड आणि रंग दोन्ही दिसतात. आतल्या बाजूला गर्द, गुंतागुंतीची जाळी छापली की ते दिसत नाही. दुसरी गोष्ट सांध्यांची. मधला सांधा शक्यतो नसावाच, दोन बाजूंचे सांधे रुंद असावेत आणि छापलेली बारीक वेलबुट्टी एका पदरावरून दुसऱ्या पदरावर सलग जावी, म्हणजे सांधा उचलून पुन्हा बसवताना केसाएवढा फरक पडला तरी रेघ तुटलेली दिसते. हे जोडावरच्या शिक्क्याचेच छापील रूप आहे. तिसरी गोष्ट तोंडाची: तोंडपट्टीवर कपड्यांच्या दुकानातील किमतीच्या स्टिकरला असतात तसे आडवे-तिडवे चिरे पाडले की ती अखंड उचलता येत नाही.

चौथी गोष्ट शाईची आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. बहुतेक जण पाकिटाच्या तोंडावर बॉलपेनने सही करतात. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे वाफेला ती दाद देत नाही, म्हणून वाफेने उघडलेल्या पाकिटावरची सही पुन्हा चिकटवल्यावर जशीच्या तशी राहते. फाउंटन पेनची साधी निळी शाई मात्र पाण्यात विरघळणारी असते. त्याच कुकरच्या वाफेवर तिची सही दहा-पंधरा सेकंदांत फुटू लागली आणि अक्षरांभोवती निळसर ढग पसरला. उलट कोणी डिंक किंवा चिकटपट्टी सोडवायला स्पिरिट अथवा सॅनिटायझर वापरले तर बॉलपेनची शाई पसरून तीच बोलू लागते. म्हणून सांध्यावर एक सही शाईच्या पेनने आणि दुसरी बॉलपेनने, दोन वेगळ्या माणसांनी, निम्मी तोंडपट्टीवर आणि निम्मी पाकिटावर येईल अशी करावी. आतापर्यंत मला सापडलेल्या युक्त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समाधान देणारी युक्ती हीच आहे.

कागदाचा शत्रू पावसाळा. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत डिंकाची कोरी पाकिटे गठ्ठ्यातच एकमेकांना चिकटतात, आणि शिपायाच्या रेनकोटातून पाणी झिरपले तर शाईची सही निर्दोष माणसाविरुद्ध साक्ष देते. कागद निवडला तर पाकीट पावसाळ्यात वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच पाठवावे लागेल. छापखान्याची म्हणून एक अडचण आणखी आहे, जी कोणताही छापखानावाला आपणहून सांगत नाही. छपाई जुळवताना बरेच ताव वाया जातात आणि ते रद्दीत जातात. पाकिटाच्या वेलबुट्टीचे असे ताव उद्या भेळवाल्याच्या हातात दिसले तर त्या वेलबुट्टीला काही अर्थ उरत नाही, म्हणून काम देताना वाया गेलेले ताव मोजून परत मागावेत.

प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी

बँका आणि मोठी दुकाने वापरतात ती ही पिशवी. तिच्या तोंडावर रुंद चिकटपट्टी असते. ती ओढून काढायला गेले की पट्टीतील थर एकमेकांपासून सुटतात आणि 'व्हॉइड' (रद्द) किंवा तशाच अर्थाची अक्षरे उमटतात; पट्टी पुन्हा दाबून बसवली तरी ती अक्षरे जात नाहीत. पिशवीवर क्रमांक आणि बारकोड छापलेला असतो आणि तोच क्रमांक असलेली फाडून घ्यायची पट्टी पाठवणाऱ्याकडे राहते. पाऊस तिला बाधत नाही, वापरायला शिकवावे लागत नाही आणि नगामागे येणारा काही रुपयांचा खर्च घाऊक घेतल्यास आणखी खाली येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे सर्वांत चांगले मिळते, कारण अर्ध्या मिनिटाचीसुद्धा गरज पडत नाही.

तथापि सगळ्या पिशव्या सारख्या नसतात. स्वस्त पिशवीची पट्टी केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने मऊ पडून अक्षरे न उमटताच सुटू शकते, तर काही पट्ट्यांचा गोंद अतिशय गार केल्यावर पकड सोडतो. चांगल्या पिशवीच्या पट्टीत उष्णतेने रंग बदलणारी शाई असते. ती कितव्या अंशाला रंग बदलते आणि गार झाल्यावर तो रंग तसाच राहतो का, हे विक्रेत्याला विचारून लिहून घ्यावे. आमच्याकडे उन्हातल्या डिकीनेच रंग बदलला तर लाखेसारखीच रोजची खोटी ओरड सुरू होईल. मागवण्याआधी चार-पाच नमुने मे महिन्यातल्या दुपारी डिकीत ठेवून पाहणे हा सर्वांत विश्वासू प्रयोग आहे. पट्टी लावताना बोटांना तेल, हळद किंवा पोत्याची धूळ असेल तर ती नीट बसत नाही, तेव्हा आडतीत किंवा हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात पिशवी बंद करणाऱ्याने आधी हात पुसावेत, ही सूचना हास्यास्पद वाटली तरी पाळावी.

पिशवीचा खरा कमकुवतपणा तोंडाकडे नसून कडेला आहे, आणि लातूरसारख्या डाळीच्या गावात तो विशेष लक्षात ठेवावा लागतो. येथे दुकानादुकानांतून डाळीची पाकिटे बंद करणारे सीलिंग मशीन असते. बाजूची जोडपट्टी कापून, नोट काढून, चार-पाच मिलिमीटर आत पुन्हा गरम दाबाने जोडली तर तोंडावरची महागडी पट्टी अक्षतच राहते. यासाठी चांगल्या पिशवीच्या दोन्ही कडांवर, अगदी जोडापर्यंत, बारीक अक्षरांची सलग ओळ छापलेली असते. ती ओळ दोन्हीकडे पूर्ण आहे का हे पाहायला रोखपालाला शिकवले नाही, तर पिशवीचे निम्मे मोल वाया जाते.

कापडी थैली

जाड कॅनव्हासची थैली आणि तिच्या तोंडाला वीजमीटरला असते तसे क्रमांकाचे ओढून बसवायचे सील, एवढाच हा पर्याय आहे. थैली वर्षानुवर्षे चालते, खर्च फक्त सीलचा, आणि चिल्लर किंवा नोटांच्या जड गड्ड्या न्यायला हिच्याइतके मजबूत काही नाही. शिवण आतल्या बाजूला असावी, एकाच शिंप्याकडून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दुहेरी घालून घ्यावी. नाहीतर दाभण घेऊन बसलेला कोणताही हमाल ती उसवून पुन्हा शिवू शकतो, कारण पोती शिवण्यात त्याचा हात बसलेला असतो. स्वस्त प्लॅस्टिक सीलचे दात पातळ पत्र्याची पट्टी सरकवून सोडवता येतात, म्हणून ते बसवल्यावर जोरात ओढून पाहावे.

प्रत्येक पर्यायाला जोडता येईल अशी एक गोष्ट मला मनापासून आवडली. पारदर्शक पिशवीत बंद पाकीट ठेवायचे, भोवती तूर, मूग, मसूर आणि रंगीत तांदूळ मिसळून ओतायचे, हवा काढून पिशवी घट्ट बंद करायची आणि दोन्ही बाजूंचे फोटो दुसऱ्या टोकाला पाठवायचे. दाण्यांची जी नक्षी जमते ती कोणालाही, अगदी ती तयार करणाऱ्यालाही, पुन्हा जुळवता येत नाही. चकाकीचे नेलपॉलिश सांध्यावर लावून त्याचा जवळून फोटो घेणे हा याचाच छोटा अवतार आहे. या दोन्ही रीतींत नक्कल करायला साचाच नसतो आणि हे लाख किंवा छपाई कधीच देऊ शकणार नाही. रोज तीन शाखांसाठी डाळ ओतणे मात्र कोणी करणार नाही. मोठी रक्कम किंवा दागिना क्वचित पाठवायचा असेल तेव्हाच हा उद्योग करावा.

क्रमांक आणि वही

निवडणुकीत मतदान यंत्रावर लावल्या जाणाऱ्या कागदी सीलवर क्रमांक असतो, उमेदवारांचे प्रतिनिधी तो टिपून घेतात आणि सीलवर सह्याही करतात. त्या कागदाची ताकद त्याच्या कागदात फारशी नाही. वेगवेगळ्या हितसंबंधांच्या लोकांकडे तोच क्रमांक लिहिलेला आहे, यात ती आहे. आपल्या पाकिटाचेही तसेच करावे लागते. पाकीट शिपायाच्या हाती जाते, तेव्हा त्याचा क्रमांक आणि बंद तोंडाचा फोटो मोबाईलवरून स्वतंत्रपणे मुख्य कार्यालयात पोहोचलेला असावा. नाहीतर पूर्ण पाकीटच बदलून नवे कोरे लावले तर कोणाला कळणार? कोरी पाकिटे चेकबुकाप्रमाणे कपाटात, मोजून ठेवावीत.

आत काय होते हे मात्र कोणतेही पाकीट सांगत नाही. पाकीट बंद करताना दोन माणसांनी नोटा मोजून, मूल्यानुसार लिहिलेली सहीची चिठ्ठी आत टाकलेली असावी. सोनाराच्या काट्यावर बंद पाकिटाचे वजन घेऊन लिहून ठेवले तर ती आणखी एक साक्ष होते. पाचशेच्या एका नोटेचे वजन एक ग्रॅमच्या किंचित वर असल्याने काटा कमी पडलेली एक नोटही दाखवतो, मात्र नोटांचा कागद कापसाचा असल्यामुळे पावसाळ्यात तो ओल धरतो आणि मोठ्या गड्डीत हा फरक झाकला जाऊ शकतो. उघडताना सील नसलेल्या बाजूने कापावे आणि मोजणी पुरी होईपर्यंत पाकीट टेबलावरून हलवू नये. सचिवांच्या संस्थेत दुसऱ्या वेळी नोट कमी भरली, तेव्हा लिपिकाने पाकीट तोंडाशीच टराटरा फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकले होते आणि डबा झाडणाऱ्या मावशींनी रिकामाही केला होता.

मग कोणी काय घ्यावे

रोज ठराविक मार्गाने रोकड जात असेल आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस वारंवार बदलत असेल, तर चांगल्या प्रतीची प्लॅस्टिक पिशवी घ्यावी. तिच्या खुणा नवख्यालाही दिसतात. मार्ग ठराविक, माणसे जुनी आणि माल जड असेल तर कापडी थैली पुरेशी आणि स्वस्त आहे. बचत गटाच्या ताईंना महिन्यातून एकदा काही हजार रुपये तालुक्याला पाठवायचे असतील, तर मधला सांधा नसलेले जाड पाकीट, सर्व सांध्यांवर दोन शायांच्या सह्या आणि एक फोटो एवढ्यावर भागते. टपालाने नोटा पाठवायच्या असतील तर त्या साध्या पाकिटात कधीच घालू नयेत, त्यासाठी विमा उतरवलेले टपालच वापरावे. खासगी कुरिअरच्या अटींत रोकड सहसा निषिद्धच असते. रक्कम लाखांत असेल तर पाकिटाचा विचार बाजूला ठेवून वाहतुकीतील रोकडीच्या विम्याच्या अटी आधी वाचाव्यात, कारण कोणत्या प्रकारचे सील आणि किती माणसे हवीत हे तेथेच लिहिलेले असते.

सचिवांनी दोन शाखांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या. आठवडी बाजाराच्या गावातल्या तिसऱ्या शाखेसाठी, जेथे चिल्लर जास्त जमते, त्यांनी कापडी थैली ठरवली. पाकिटांचे काम आमच्या हातून गेले. क्रमांकाच्या वहीचे मात्र मिळाले: दोन प्रतींत, प्रत्येक पानावर नंबरिंग मशीनने उठवलेला आकडा, आणि तीन रकाने, देणाऱ्याची सही, नेणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. चौथा रकाना, 'दोन्ही कडा पाहिल्या', मी सांगून घालायला लावला. पहिल्या वहीत सुरुवातीचे काही दिवस तो कोरा असे आणि मग सचिवांनी तो कोरा असल्यास रोकड रोजकीर्दीत जमा धरायची नाही, असा नियम केला.